माठाची खापरं, उशीतला फायबर आणि ठिबकची नळी : माशांच्या टाकीसाठी घरच्या घरी फिल्टर मीडिया

माशांच्या टाकीचा फिल्टर म्हणजे पाण्याची गाळणी, असं नवीन माणसाला वाटतं. गाळणं हे त्याचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं आणि जास्त महत्त्वाचं काम त्याच्या आत राहणारे जिवाणू करतात.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. तळाशी पडलेलं खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर घालतात. अमोनिया थोडा जरी साठला तरी कल्ले भाजल्यासारखे लाल होतात आणि मासे पाण्याच्या वर येऊन धापा टाकू लागतात. फिल्टरमधले काही जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, कारण माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते कमी करतं. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असतं आणि अधूनमधून पाणी बदललं की निघून जातं. हे सगळे जिवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत, कशाला तरी चिकटून राहतात. त्यांना खरखरीत जागा हवी आणि त्या जागेवरून प्राणवायू असलेलं पाणी सतत वाहायला हवं. फिल्टरमध्ये भरायच्या वस्तूंना दुकानदार ‘मीडिया’ म्हणतात. या वस्तूंचं काम एवढंच: कचरा अडवायचा आणि जिवाणूंना राहायला जागा द्यायची.

दुकानातल्या सिरॅमिक रिंगा चांगल्याच असतात. पण दोन फुटांच्या टाकीत चार गप्पी आणि दोन मॉली पाळणाऱ्याला त्यांच्यावाचून अडत नाही. घरातल्या आणि शेतातल्या कितीतरी वस्तू तेच काम करतात.

मराठवाड्यात हे नीट समजून घेण्याला आणखी एक कारण आहे. आपल्या बोअरचं पाणी जड असतं आणि त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) अनेकदा ८ च्या आसपास असतो. पाण्यातल्या अमोनियाचा किती भाग विषारी रूपात असतो, हे सामू आणि तापमान यांवर ठरतं. सामू ७ आणि तापमान २५ अंश असेल तर हा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. त्याच तापमानाला सामू ८ असेल तर तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि एप्रिल-मे महिन्यात पाणी तापलं की आणखी वाढतो. त्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७. म्हणून मृदू, थंड पाण्याच्या गावात जे मासे कच्च्या फिल्टरवर निभावून जातात, ते परभणीत किंवा नांदेडात उन्हाळ्यात मरतात.

वस्तू आधी कुठे होती?

वस्तू निवडताना पाहायच्या गोष्टी थोड्याच: ती पाण्यात कुजू नये, तिच्यातून काही विरघळू नये, तिच्यातून पाणी सहज जावं. याआधी मात्र एक प्रश्न विचारायचा, की ती वस्तू आतापर्यंत कशासाठी वापरली होती? आपल्याकडे घर आणि शेत वेगळं नसतं. कपाशीवर फवारायचं औषध ज्या खोलीत ठेवलं त्याच खोलीत रिकाम्या बाटल्या, दोऱ्या, जाळ्या, नळ्या पडलेल्या असतात. कीटकनाशकाचा अंश माणसाला जाणवत नाही, पण टाकीभर मासे एका रात्रीत मारायला तो पुरतो. फवारणीचा डबा, औषधाची बाटली, खताची गोणी, फिनाइलचा कॅन किंवा धुण्याच्या पावडरचा डबा कितीही धुतला तरी तो टाकीसाठी घ्यायचा नाही. ज्या वस्तूचा पूर्वीचा वापर घरात कुणालाच सांगता येत नाही, तीही नको.

मच्छरदाणीचं उदाहरण इथेच सांगतो. फाटक्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवून त्यात मीडिया भरावा असं सहज सुचतं. पण हिवतापासाठी आरोग्य खात्यामार्फत वाटलेल्या मच्छरदाण्यांच्या धाग्यातच डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं. ते माणसाला बेताच्या मात्रेत सोसतं, माशांना मात्र अत्यंत घातक आहे. मीडिया बांधायला त्याऐवजी कांद्याची किंवा लसणाची जाळीदार पिशवी घ्या. तिचे सुटणारे धागे कापून टोकं मेणबत्तीवर हलकेच चिकटवून घ्या.

खापर

माझी पहिली पसंती फुटक्या माठाला. भाजलेली माती सच्छिद्र असते, म्हणूनच माठातलं पाणी गार होतं. त्याच छिद्रांमध्ये आणि खरखरीत पृष्ठभागावर जिवाणू बसतात. शिवाय खापर जड असल्यामुळे फिल्टर तळाशी बसून राहतो, वेगळं वजन बांधावं लागत नाही.

पण मराठवाड्यातल्या माठाची एक अडचण आहे. उन्हाळाभर बोअरचं पाणी भरलेल्या माठावर बाहेरून पांढरा थर चढतो. तो क्षारांचा, मुख्यतः चुन्याचा असतो. माठ जुना झाला की पाणी गार होत नाही, त्याचं कारणही हेच: छिद्रं बुजलेली असतात. असं खापर तसंच टाकीत घातलं तर आधीच जड असलेलं पाणी आणखी जड होतं. म्हणून कुंभारवाड्यात वाहतुकीत फुटलेला नवा माठ मिळाला तर तो सगळ्यात उत्तम. जुनाच असेल तर तुकडे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. बुडबुडे येतील. ते थांबले की ब्रशने घासा आणि एक दिवस साध्या पाण्यात भिजत घाला. रंगवलेला, वार्निश लावलेला किंवा चकचकीत झिलईचा माठ घेऊ नका.

तुकडे सुपारीएवढे करा. पोत्यात गुंडाळून हातोडीने फोडले म्हणजे कपच्या डोळ्यात उडत नाहीत. धारदार कडा दगडावर घासून घ्या. मग गार पाण्यात टाकून हळूहळू उकळी आणा आणि पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या. खापर थेट जाळावर ठेवायचं नाही, आत ओल असेल तर ते तडकून उडतं.

माठ नसेल तर लाल विटेचे तुकडे चालतात, पण वीट पूर्ण भाजलेली हवी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे. अर्धवट भाजलेली वीट रात्रभर पाण्यात ठेवली की तिचा चिखल होतो. उलट भट्टीत फार भाजून काचेसारखी झालेली खंगर वीट टिकते, पण तिची छिद्रं बंद झालेली असतात. राखेच्या करड्या विटा आणि सिमेंट लागलेली कोणतीही वीट टाळा, सिमेंट सामू फार वाढवतं.

दगड-गोट्यांची परीक्षाही व्हिनेगरनेच. आपल्याकडचा काळा बेसाल्ट दगड व्हिनेगरला दाद देत नाही. जाळीसारखी छिद्रं असलेला बेसाल्ट सापडला तर तो मीडिया म्हणून चांगला. काळ्या रानात नांगरताना वर येणारे चुनखडीचे पांढरे खडे मात्र लगेच फसफसतात. ते घ्यायचे नाहीत.

ठिबकची नळी आणि बाकीचं प्लास्टिक

ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची काळी नळी बोटाच्या पेराएवढी कापली की त्या कड्या दुकानातल्या प्लास्टिक मीडियासारखंच काम करतात. त्या कुजत नाहीत, दबत नाहीत आणि पाणी आतून-बाहेरून फिरतं. मात्र रानात वापरलेली नळी घ्यायची नाही. ठिबकमधून खत सोडतात, ड्रेंचिंगचं म्हणजे मुळांना द्यायचं औषध सोडतात, नळ्या साफ करायला आम्लही सोडतात. ठिबकच्या दुकानात नव्या नळीचे उरलेले तुकडे पडलेले असतात, ते मागून आणा. वीजवाले वापरतात तो पन्हाळी असलेला लवचीक पाईपही असाच कापून चालतो. त्याच्या खाचांमुळे जागा जास्त मिळते. ठिबकची नळी पाण्यावर तरंगते, पीव्हीसीचा पाईप बुडतो, हे भरताना लक्षात ठेवा. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं भोकं पाडून वापरता येतात, पण ती गुळगुळीत असल्यामुळे जिवाणू धरायला वेळ लागतो.

भांडी घासायची प्लास्टिकच्या तारांची गोल घासणी हा स्वस्तात मिळणारा उत्तम मीडिया आहे. नवीच घ्या. साबण भरलेली नको, तारेची नको आणि हिरवी घासणीही नको, कारण तिच्यात घासण्यासाठी कण चिकटवलेले असतात.

फोम गादीवाल्याकडे कापून उरलेला मिळतो. मोठ्या छिद्रांचा घ्या, बारीक छिद्रांचा फोम आठवडाभरात तुंबतो. ‘जंतुरोधक’ असं लिहिलेला स्पंज बाजूला ठेवा. ज्यांना वसवायचं त्यांनाच तो मारतो.

कापूस कधीही नाही. घरात सरकी काढलेला कापूस कितीही पडलेला असो, तो पाण्यात कुजतो आणि कुजताना टाकीतला प्राणवायू खातो. बारीक गाळ अडवायला उशीतला पॉलिस्टर फायबर लागतो, ज्याला आपल्याकडे सर्रास रेक्रॉन म्हणतात. शंका आली तर एक चिमूट घेऊन, चिमट्यात धरून, अंगणात पेटवून पाहा. कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. वापरलेल्या उशीला तेलाचा आणि घामाचा वास असतो, म्हणून पावशेर नवा फायबर आणलेला बरा. तो वर्षभर पुरतो.

नारळाचा काथ्या, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, कुलरचा वाळा किंवा गवत हे सगळं कुजणारं आहे. यातलं काहीही घालू नका. तुरटीचा खडाही फिरवू नका. गढूळ पाणी निवळायची आपली सवय पिण्याच्या पाण्यापुरती ठीक आहे, पण तुरटी टाकीचा सामू खाली ओढते आणि माशांच्या कल्ल्यांना त्रास देते.

चुलीतला किंवा इस्त्रीवाल्याकडचा कोळसा वापरावा का, असं बरेच जण विचारतात. दुकानातल्या सक्रिय कार्बनच्या मानाने त्याची शोषण्याची ताकद खूप कमी असते, आणि जी असते तीही काही आठवड्यांत संपते. पाण्याला पिवळेपणा आला असेल तेवढ्यापुरता धुतलेला कोळसा पिशवीत बांधून ठेवायला हरकत नाही. रॉकेल शिंपडून पेटवलेला कोळसा मात्र कधीच नको. आरओ मशीनमधून काढलेली जुनी कार्बनची नळी निरुपयोगी असते, तिने काय शोषून ठेवलंय ते सांगता येत नाही.

आता फिल्टर बांधू

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. तिच्यासाठी दीड-दोन लिटरची, रुंद तोंडाची, डाळ किंवा बिस्किटं ठेवलेली प्लास्टिकची बरणी घ्या. हवेचा छोटा पंप, त्याची नळी आणि प्लंबरकडे उरलेला अर्ध्या इंची पाईपचा तुकडा, एवढंच आणखी लागतं.

पहिल्यांदा झाकणाला भोकं पाडा. खिळा सांडशीत धरून तापवा आणि तीन-चार मिलिमीटरची भोकं जवळजवळ पाडत जा. हे काम अंगणात करा, प्लास्टिकचा धूर नाकात जायला नको. बरणीच्या वरच्या एक तृतीयांश भागालाही भोकं पाडा. आतबाहेर उभे राहिलेले प्लास्टिकचे काटे ब्लेडने साफ करा, नाहीतर गोल्डफिशसारख्या माशांचे पंख अडकून फाटतात.

झाकणाच्या मध्यभागी पाईप घट्ट बसेल एवढं भोक पाडा. पाईप बरणीच्या तळापासून टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खालपर्यंत येईल असा कापा. त्याच्या खालच्या टोकाला इंग्रजी व्हीच्या आकाराच्या तीन-चार खाचा करा, म्हणजे तळाला टेकला तरी पाणी आत शिरेल.

मग पाईप मधोमध उभा धरून भरायला घ्या. तळाला खापरं, बरणीच्या निम्म्यापर्यंत. पाईपच्या तोंडाशी मोठे तुकडे ठेवा. त्यावर नळीच्या कड्या, त्यावर घासणी मोकळी करून, आणि सगळ्यात वर फायबरचा पातळ थर. फायबर दाबून भरायचा नाही. नवीन माणसं इथेच चुकतात: जास्त फायबर म्हणजे जास्त स्वच्छ पाणी असं समजून ते ठासून भरतात, मग पाणी आत शिरतच नाही आणि खालचे जिवाणू गुदमरतात.

झाकण लावा. हवेची नळी पाईपच्या आतून जवळजवळ तळापर्यंत सोडा. पंप चालू केला की बुडबुडे पाईपातून वर चढतात आणि सोबत पाणी ओढून नेतात. त्याची जागा भरायला टाकीतलं पाणी झाकणाच्या भोकांतून आत येतं, आधी फायबरमधून, मग घासणीतून, शेवटी खापरांतून. मोठा कचरा वरच अडतो म्हणून खापरं तुंबत नाहीत.

पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच ठेवा. लाईट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं आणि आपल्याकडे लाईट जातेच. उंच जागा नसेल तर नळीत एकतर्फी व्हॉल्व्ह बसवा, तो अगदी स्वस्त असतो. वायर बोर्डाकडे जाताना एकदा खाली झोळ खाईल अशी सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी बोर्डात न जाता झोळाशी टपकेल.

हवेच्या पंपाऐवजी माळ्यावरची कुलरची मोटर टाकीत सोडण्याचा मोह होतो. तसं करू नका. कुलरच्या मोटरच्या वायरला बहुधा जोड दिलेला आणि टेप गुंडाळलेला असतो. टाकीत मात्र आपण रोज हात घालतो.

तयार फिल्टर आधी बादलीत एक दिवस चालवा. लाल धूळ निघेल. ते पाणी फेका, बरणी खळबळून घ्या, मग टाकीत ठेवा.

जिवाणू वसेपर्यंत

आज बसवलेला फिल्टर आज काम करत नाही. जिवाणूंची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ज्यांची टाकी वर्षभर निरोगी चालू आहे अशा कुणाकडून फिल्टरमधली मूठभर घासणी किंवा खापर आणून आपल्या बरणीत ठेवलं तर हा काळ बराच कमी होतो. आणताना ते टाकीच्याच पाण्यात ओलं ठेवून आणायचं, उन्हात वाळू द्यायचं नाही.

या काळात मासे एक-दोनच ठेवा, खाद्य चिमटीभर आणि तेही एक दिवसाआड. अमोनिया तपासायचे थेंब मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, ते जरूर घ्या. रंग अमोनिया वाढल्याचं दाखवू लागला की पाव टाकी पाणी बदला.

बदलायचं पाणी कोणतं, हाही प्रश्न आहेच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, गावातल्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात आणि टँकरच्या पाण्यातही ती बहुधा असते. क्लोरीन जिवाणूंना मारण्यासाठीच असतं, तुमच्या फिल्टरमधलेही त्याला वेगळे नसतात. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, अधूनमधून तांब्याने ढवळा, किंवा दुकानातले क्लोरीन घालवणारे थेंब वापरा. टँकर नुकताच येऊन गेला असेल आणि पाण्याला उग्र वास येत असेल तर थेंब वापराच.

धुणं आणि पाणी वाचवणं

बुडबुडे तसेच येत असूनही पाईपातून पाणी कमी पडू लागलं की बरणी धुवायची वेळ झाली. टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवा, नळाखाली कधीच नाही. फायबर खराब झाला तर फेकून नवा घाला. घासणी आणि कड्या नुसत्या खळबळा. खापरांना महिनोन्महिने हात लावायची गरज नसते. सगळा मीडिया एकाच दिवशी लख्ख धुतला तर फिल्टर पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. त्यावर बसलेला तपकिरी बुळबुळीत थर ही घाण नाही, तीच वस्ती आहे.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. नळ आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या घरात माशांसाठी पाणी ओतणं जिवावर येतं. वसलेला फिल्टर पाणी बदलण्याची घाई कमी करतो, पण नायट्रेट तो काढत नाही, म्हणून आठवड्याला थोडं पाणी काढावंच लागतं. हे पाणी गटारात सोडू नका. त्यातलं नायट्रेट झाडांना खत आहे. तुळस, कढीपत्ता, परसातल्या वांग्याच्या रोपांना ते घाला. मिठाचा किंवा औषधाचा उपचार चालू असताना मात्र घालू नका.

लाईट दोन-तीन तास गेली तर काळजी नको. जास्त वेळ गेली तर खाद्य बंद ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तांब्याने पाणी उचलून वरून धार धरा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप उन्हाळ्याआधी घेऊन ठेवला तर बरं. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढतो, म्हणून डासांची कॉइल किंवा फवारा मारलेल्या खोलीत तो चालू ठेवू नका.

वर्षा-दीड वर्षाने एखादी घासणी चुरा होऊ लागेल किंवा तुम्हाला सिरॅमिक रिंगा घ्याव्याशा वाटतील. तेव्हा जुना मीडिया लगेच काढू नका. नवा त्याच्या शेजारी महिनाभर ठेवा, मग जुना थोडा थोडा करून काढा आणि प्रत्येक वेळी दोन दिवसांनी अमोनिया तपासा.